पाकोळी म्हणजे नेमकं कोण

३ एप्रिल, सोमवार

मला काम मिळालं! निवृत्त बाईला, घरबसल्या, आणि तेही चित्रं काढायचं. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून ऑफिसातल्यांनी निरोपाच्या दिवशी दिलेली ही डायरी कपाटातून काढली. आधीची पानं कोरीच आहेत. त्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

झालं असं. दुपारी हात साबणाचे असताना फोन वाजला. लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाच्या संपादकबाई होत्या. त्यांची एक मालिका आहे, दर पुस्तकात दोन प्राणी शेजारी-शेजारी ठेवायचे आणि तुलना करायची. म्हणाल्या, "'पाकोळी आणि वटवाघूळ' तुम्ही कराल का?"

म्हटलं, "अहो, मी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले. जिने, मोऱ्या, गटारं. जीव असलेलं काही काढलेलं नाही."

"म्हणूनच तुम्ही हव्यात. आम्हाला मापात काढणारं माणूस हवंय. आणि संध्याकाळी डोळे थकतात ना तुमचे, तर सकाळीच बसत जा. घाई नाही."

माझे डोळे संध्याकाळी थकतात हे या बाईंना कसं कळलं? अनुभवी माणसं आवाजावरूनही ओळखत असतील.

ठकीला सांगितलं तर तिनं मला गरागरा फिरवलं. ठकी म्हणजे माझी एकुलती एक लेक. खरं नाव लांबलचक आहे, ते पदवीच्या कागदावर शोभतं. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. एवढा आनंद तिला स्वतःला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पोर आईवर जीव टाकते, दुसरं काय.

६ एप्रिल

कामाला लागले. विषय जरा चमत्कारिकच आहे. आमच्या घरात पाकोळी म्हणजे संध्याकाळी दिव्याभोवती भिरभिरणारं चिमुकलं वटवाघूळ. "दार लोट, पाकोळी शिरेल," असं आई ओरडायची. म्हणजे या पुस्तकात छोट्या वटवाघळाची तुलना मोठ्या वटवाघळाशी. धाकट्या जावेची थोरल्या जावेशी करावी तशी. पण संपादकांना कळतं ते आपल्याला कळतंच असं नाही. मजकूर नंतर देणार आहेत, तोवर कच्ची चित्रं करून आणा म्हणाल्या.

ठकीची दुसऱ्या शहरातली नोकरी दहा तारखेला सुरू व्हायची होती. रात्रभराचा गाडीप्रवास आहे. जुन्या पुलांची तपासणी करायचं काम. आज म्हणाली, कंपनीनंच तारीख पुढे ढकलली. चला, बरंच झालं. रंग आणून द्यायला कुणीतरी हवंच होतं.

११ एप्रिल, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

प्रकाशनाची कचेरी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्याच्या पायऱ्या असमान. (सवय जात नाही.) संपादकबाई माझ्याच वयाच्या, चष्मा केसांत खोचलेला. बिनसाखरेचा चहा न विचारताच माझ्यापुढे ठेवला. हल्ली बहुतेक बायका तोच पितात म्हणा.

मी ऐटीत कागद पसरले. डावीकडे छोटं वटवाघूळ, उजवीकडे मोठं. दोन्ही उलटी लटकलेली, बाजूला मापं.

बाईंनी चष्मा केसांतून नाकावर घेतला. "हे वटवाघूळ. छान. आणि पाकोळी कुठाय?"

"ही काय, डावीकडची."

"ही? अहो, पाकोळी म्हणजे पक्षी!"

"पक्षी कसा असेल? पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ."

"तुमच्या घरी असेल!"

शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासणारे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडे फुलपाखराला म्हणतात."

शेवटी कोश काढला. कोशानं तिघांनाही खरं ठरवलं आणि भांडण जिथल्या तिथे ठेवलं. बाई हसता हसता रडकुंडीला आल्या. त्यांना हवी होती ती पाकोळी म्हणजे काळपट रंगाचा, कमानीसारख्या पंखांचा पक्षी. इमारतींच्या आडोशाला घरटी करतो, दिवसभर उडत किडे खातो. एक पक्षी, एक सस्तन प्राणी, दोघंही हवेत तोंड उघडून जेवणारे, म्हणून जोडी. मी दोन सस्तन प्राणी घेऊन गेले होते.

घरी येईपर्यंत कान गरम होते.

१२ एप्रिल

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

ठकीनं मला मागच्या गॅलरीत नेलं आणि वर बोट दाखवलं. आमच्या डोक्यावर जो सज्जा आहे त्याच्या पोटाला पिसं आणि काड्या थुंकीनं चिकटवलेली वाडग्यांची रांग. त्यातून काळपट पक्षी सुर्रकन सुटत होते आणि चिर्र चिर्र करत परत शिरत होते. पाकोळ्या! इतकी वर्षं मी त्यांना "ती घाण करणारी पाखरं" म्हणत आले आणि खाली फडकं मारत आले.

दुसरं सांगायचं म्हणजे, सज्ज्याच्या बाजूला आमच्या इमारतीची आणि शेजारच्या विंगेची जी जोडफट आहे तिच्यात वटवाघळं आहेत. माझी. छोटी. उन्हात भिंती फुगतात म्हणून दोन बांधकामांमध्ये अशी हाताच्या पंजाएवढी फट सोडतात, हे मी हजारदा कागदावर काढलं असेल. तिच्यात कुणी राहत असेल असं कधी मनात आलं नाही. नकाशात भाडेकरू काढत नाहीत.

पाकोळ्यांची दिवसपाळी, वटवाघळांची रातपाळी. भिंत एकच.

१७ एप्रिल

पहिला पक्षी काढून पाठवला. बाईंचा फोन आला, "पक्षी उत्तम आहे. दारं-खिडक्या बसवल्या की विकायलाही काढता येईल."

अपमान गिळला आणि पुन्हा बसले. आता मजकूर आला आहे, तो वाचून जरा उजेड पडतोय. गंमत म्हणजे वटवाघळाचा पंख म्हणजे हातच. अंगठा लहानसा, बाकीची बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलचक, त्यांवर कातडं ताणलेलं. मी माझा हात खिडकीच्या काचेवर धरून बोटं फाकवली आणि तसाच काढला. जमलं! पाकोळीचं निराळंच. तिच्या हाताची बोटं जुळून गेलेली, आणि पंखाची सगळी लांबी पिसांची. एकीनं हात पसरला आणि दुसरीनं हात आवरता घेतला, आणि उडतात दोघी.

ठकी मागून बघत होती. "आई, तू गुणगुणत होतीस."

"मुळीच नाही."

"होतीस. कितीतरी दिवसांनी."

पोरीला भास होतात.

२१ एप्रिल, शुक्रवार

सकाळी गॅलरीत एक पाकोळी पालथी पडलेली. पंख दोन्हीकडे पसरलेले, जणू कुणाची काळी कात्री पडली आहे. मेली असंच वाटलं. इतक्यात डोळा हलला.

मजकुरात वाचलं होतं म्हणून कळलं. हिचे पाय नावाला. चारही नख्या पुढे वळलेल्या, भिंतीला चिकटायला ठीक, पण तारेवर बसता येत नाही, चालता येत नाही. सपाट जमिनीवर पडली की लांब पंखच तिला अडचण होतात. जमिनीवर तिचं कुणी नाही.

ठकीनं ओंजळीत उचलली. मी ओरडत होते, "आवळू नकोस! सोडू नकोस! वर फेक! फेकू नकोस!"

"आई, एक काय ते सांग."

मग तिनं नुसताच तळहात कठड्याबाहेर धरला. पाकोळी बसून राहिली. आम्ही दोघीही श्वास धरून. नख्या ठकीच्या बोटांत रुतल्या होत्या तरी ती हलली नाही. मग पक्ष्याचं अंग थरथरायला लागलं, मोटार सुरू होताना व्हावं तसं, आणि हात एकदम रिकामा. खाली बुडाली असं वाटलं तोच समोरच्या छपरावरून वर गेलेली दिसली.

ठकी बराच वेळ हात तसाच धरून उभी होती. म्हटलं, "हात धुऊन घे." तर माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली. पिसांची ॲलर्जी असावी.

२६ एप्रिल

आगीतून फुफाट्यात.

जिन्याखाली सूचना लागली. मेच्या पहिल्या आठवड्यापासून इमारतीच्या मागच्या भिंतीची दुरुस्ती. सज्ज्याचा जुना गिलावा खरवडणार, जोडफट भरून घेणार. म्हणजे घरटी खाली आणि वटवाघळं आत चिणलेली. सध्या दोन्हीकडे पिल्लं आहेत. वाडग्यांतून चोची दिसतात आणि फटीतून बारीक किचकिच ऐकू येते.

सरळ चिटणीसांचं दार वाजवलं. त्यांना सगळे पाठीमागे 'कलम-सात' म्हणतात, कारण त्यांचं बोलणं नियमावलीच्या कलम सातपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं.

"कलम सातप्रमाणे दुरुस्तीचा निर्णय समितीचा," ते म्हणाले.

"भिंतीत पिल्लं आहेत हो. महिनाभरात उडून जातील. मग भरा फट."

"रहिवाशांच्या यादीत आहेत का ती?"

विनोद करतात हे मला माहीत नव्हतं. हसू आलं ते दाबलं आणि दार आपटून आले. मग आठवलं की दार त्यांचं होतं.

३० एप्रिल, रविवार

गच्चीवर सभा. मी कागदाची गुंडाळी घेऊन गेले. सगळ्यांना वाटलं मी चित्रं दाखवून रडणार. मी कामाचं वेळापत्रक काढून नेलं होतं. पुढची भिंत आधी, बाजूची मग, मागची शेवटी. तेवढीच माणसं, तेवढंच सामान, फक्त क्रम उलटा. हेच मी इतकी वर्षं केलंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, वटवाघळं केसांत अडकतात. मी म्हटलं, त्यांना अंधारात कानांनी डास दिसतो, तुमचा अंबाडा दिसणार नाही? सभा हसली. बाई हसल्या नाहीत. डास म्हटल्यावर मात्र दोघांचौघांनी माना डोलावल्या. कलम-सातांनी वेळापत्रक उलटसुलट पाहिलं आणि "विचार करू" म्हणाले. बांबूंची परांची आधीच मागे बांधून झाली आहे, हे त्यांचं दुखणं.

खाली आल्यावर मुकादम गवंड्यानं स्वतःहून सांगितलं, "ताई, मी आहे तोवर त्या फटीला हात लागणार नाही. आत किचकिचतंय ते मलाही ऐकू येतं." भला माणूस.

ठकीची तारीख पुन्हा पुढे गेली. काय अजागळ कंपनी आहे! पुलांचं काय होणार यांच्या हातून?

५ मे, शुक्रवार

आजचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

ठकी आंघोळीला गेली होती. घरातला फोन वाजला. एक तरुण गृहस्थ, ठकीच्या कंपनीतून. मला संधीच मिळाली. म्हटलं, "बरं झालं तुम्हीच सापडलात. पोरीची बॅग भरून पडलीय आणि तुमचं सारखं आज नको उद्या! ही काय पद्धत झाली?"

तो फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही काहीच पुढे ढकललं नाही. मुदत त्यांनीच मागून घेतली, दोनदा. आता आणखी देता येणार नाही, तेच सांगायला फोन केला. मंगळवारी हजर झाल्या नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल."

मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला.

ठकी केस पुसत बाहेर आली. मी विचारलं, "कंपनी तुझी खोटारडी की तू?"

ती मटकन बसली. "तू एकटी कशी राहशील?"

"मी? मला मरायला फुरसत नाही, पुस्तक आहे माझं!"

"हो, म्हणूनच तर…" ती अडखळली.

"म्हणूनच तर काय?"

"काही नाही. आई, बाबा गेले तेव्हा तू गॅस पेटवायचं विसरायचीस. तू निवृत्त झाल्यावर तर मी घरी आले की भरदुपारी पडदे ओढून पडलेली असायचीस."

"वामकुक्षी घेत होते."

"केस न विंचरता?"

यावर मी बरंच बोलले. सगळं काही लिहिण्यासारखं नाही. माझ्या अंगावर उपकाराचं ओझं नको, असंही बोलले. तिनं दार लावून घेतलं. मग मी माझं लावून घेतलं. दोन खोल्यांच्या घरात दारं लावून घेणाऱ्या दोन बायका.

६ मे

वटवाघळाच्या आईचं पान आज काढायचं होतं. तिला बहुधा जुळी होतात. पिल्लं उघडी, आंधळी, तिच्या अंगाला चिकटलेली. चरायला जाताना ती त्यांना इतरांच्या पिल्लांच्या घोळक्यात ठेवते, आणि परत आल्यावर तेवढ्या गोंगाटातून आपलंच पिल्लू आवाजावरून आणि वासावरून शोधते. पाकोळीचं पिल्लू मात्र एके दिवशी घरट्याच्या काठाशी येतं आणि जातं. शिकवणी नाही, निरोप नाही.

दोन्ही चित्रं समोर ठेवून बसले होते. यातली मी कुठली? मग स्वतःलाच म्हटलं, तू कुठलीच नाहीस. तू नकाशे काढणारी बाई आहेस आणि तुला स्टेशन कुठे आहे ते माहीत आहे.

गेले आणि तिकीट काढून आणलं. सोमवार, दुपारची गाडी. ठकीच्या बॅगेवर ठेवलं. रात्री जेवायला दोघी एका टेबलावर होतो आणि मिठाची बरणी तिनं मी मागायच्या आत पुढे सरकवली.

८ मे, सोमवार

आज काय झालं ते एका दमात लिहून टाकते.

मुकादम गवंडी घरच्या लग्नाला गेलेला. त्याच्या जागी आलेल्या टोळीला कुणी काही सांगितलेलंच नाही. ठकी बॅगेची चेन ओढत होती, मी तिचा डबा भरत होते, तेवढ्यात मागून खरवडल्याचा आवाज. गॅलरीत धावले. परांचीवर एक जण घमेलं घेऊन जोडफटीपाशी उभा, थापी भरलेली.

मी ओरडले. तो म्हणाला, "वरून हुकूम आहे." कलम-सात ऑफिसात, फोन उचलेनात. मग मी काय केलं, तर गॅलरीच्या कठड्यावरून पाय टाकला आणि परांचीवर उतरले. घरातल्या गाऊनवर. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. जन्मभर परांच्या कागदावर काढल्या, उभी पहिल्यांदाच राहिले. फळी हलते. ते कागदावर कळत नाही.

फटीला पाठ लावून बसले आणि म्हटलं, "आता मारा सिमेंट. माझ्यावर मारा."

तो बिचारा घमेलं खाली ठेवून तंबाखू मळायला लागला.

ठकी गॅलरीत. "आई, खाली… म्हणजे वर ये. मी बसते तिथे. मी उद्याच्या गाडीनं जाईन."

"उद्याच्या नाही. आत्ताच्या."

"तुला अशी टाकून? आणि स्टेशनवर?"

"मी इथून उठले की हे भरणार. तुला स्टेशनवर पोचवायला मी येऊ शकत नाही, ठकी. तुझी तू जा."

हे बोलताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता, याचं मला अजून नवल वाटतं.

ती कठड्यावरून वाकली, माझ्या केसांतला चुना झटकला, आणि आत गेली. दार नुसतं लोटल्याचा आवाज आला. मग जिन्यावर बॅगेचा धडधडाट.

आमच्या मागच्या अंगणातूनच फाटकाकडे वाट आहे. वरून तिचा भांग दिसला. टॅक्सीवाल्यानं बॅग मागे टाकली. तिनं मान वर केली आणि हात हलवला. मला हात हलवता येईना, एका हातानं बांबू धरलेला आणि दुसऱ्यानं फट झाकलेली. म्हणून जे तोंडाला आलं ते ओरडले.

"डबा घेतलास काऽऽ?"

सगळ्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. ठकीनं डबा उंच करून दाखवला. ती हसत होती की काय करत होती ते एवढ्या उंचीवरून दिसलं नाही. टॅक्सी वळली.

मग माझ्या डोक्यावरून पाकोळ्यांची एक फेरी गेली.

कलम-सात आले ते धापा टाकत. आमच्या गॅलरीतून ओरडले, "हे कुठल्या कलमात बसतं?"

मी गाऊनच्या खिशातली विजेरी त्यांना दिली आणि फटीकडे बोट केलं. ते कठड्यावर पोट टाकून वाकले. बराच वेळ त्यांच्या चष्म्याच्या काचेवर उजेड हलत होता.

"दोन आहेत?" त्यांनी हळू विचारलं.

"जुळी."

"पंखाखाली घेतलीत दोन्ही."

"पंख नाही. हात आहे तो."

ते सरळ झाले. शर्टाला सगळा चुना. "आमचीही जुळीच," म्हणाले. "पहिलं वर्ष आम्ही दोघं माणसांत नव्हतो." मग चष्मा पुसला, घसा खाकरला आणि खालच्या टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कलम सात, पोटकलम दोन. कामाचा क्रम बदलण्याचा अधिकार चिटणीसांना राहील. पुढची भिंत आधी घ्या!"

मला वर ओढायला तिघं लागले. त्यांतल्या एक तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. अंबाडा सुटला त्यांचा.

९ मे

सकाळी सवयीनं दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायले. दुपारपर्यंत छातीत जळजळ.

ठकी पोचली, हजर झाली. खोली लहान आहे पण खिडकी पूर्वेला आहे म्हणाली. किती चौरस फूट ते सांगितलं नाही.

पडदे उघडे ठेवले आहेत. केसही विंचरले. नोंद असावी.

२७ मे, शनिवार

पाकोळीचं शेवटचं पिल्लू गेलं. काल काठाशी तोंड काढून बसलेलं बघितलं होतं. आज कपडे वाळत घालताना सहज वर पाहिलं तर नव्हतं. आईबाप एकदा येऊन घरट्याला लटकले आणि पुन्हा सुटले. ती नुसती सवय असेल, पुस्तकात त्याबद्दल काही दिलेलं नाही.

रिकामं घरटं काढायला बसले. रिकाम्या खोल्या काढण्यात माझा जन्म गेला, आणि ही एक जमेना. खोडरबर झिजला.

वटवाघळांची पोरंही आता उडतात. संध्याकाळी फटीतून एकेक ठिपका गळतो आणि खाली पडता पडता वळतो. कलम-सात खुर्ची घेऊन अंगणात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "पंख नाही, हात आहे तो," असं सांगतात.

२ जून

शेवटच्या पानावरून बाईंशी वाद. मालिकेच्या दर पुस्तकात शेवटी तक्ता असतो. वेग कुणाचा जास्त, डोळे कुणाचे तेज, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'मग श्रेष्ठ कोण?'

मी म्हटलं, "हे मी काढणार नाही."

"अहो, मुलांना जिंकणारं कुणीतरी लागतं."

"मग त्यांना शर्यत दाखवा. ही शर्यत नाही. एक दमून घरी येते तेव्हा दुसरी कामाला निघते."

बाईंनी तक्ता बाजूला सरकवला. म्हणाल्या, "तुम्हाला काय काढायचंय?"

मी काढूनच नेलं होतं. दोन्ही पानं भरून संध्याकाळचं आभाळ. घरी परतणाऱ्या पाकोळ्या आणि नुकतीच बाहेर पडलेली वटवाघळं, एकमेकांमधून जाताना. इतक्या लहान की कुठली कोण ते नीट बघितल्याशिवाय कळू नये. खाली भिंतीची नुसती एक रेघ. पट्टी न वापरता काढलेली.

मुद्रितं तपासणारे गृहस्थ उठून बघायला आले. "यात फुलपाखरू नाही," म्हणाले आणि परत जाऊन बसले. पान मंजूर झालं.

१४ जून, बुधवार

मागची भिंत झाली. सज्ज्याची पाकोळ्यांची बाजू तशीच सोडली, आणि फट वरून बंद करून खाली हातभर मोकळी ठेवली. ते रेखाटन माझं. सही चिटणीसांची.

ठकी हल्ली कामावरून सुटली की फोन करते. आज सांगत होती, तिला एका जुन्या पुलाखाली दोरीवरून उतरवलं. मी म्हटलं, "फळी हलते का?" ती म्हणाली, "हलते." मग आम्ही दोघी त्यावर बराच वेळ हसलो.

मग बोलायचं काही राहिलं नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. म्हटलं, "ठेवू का?"

"ठेवू नकोस. जिन्यात दिवा नाही. वर पोचेपर्यंत नुसता चालू ठेव."

मी फोन कानाला लावून कागदासमोर बसले. एका हातानं पेन्सिलीला टोक करत होते. पलीकडे तिची पावलं, एका मजल्यावर थांबून घेतलेला श्वास, पुन्हा पावलं. किल्ल्यांचा जुडगा. चुकीची किल्ली. बरोबर किल्ली. दार.

"आले गं," ती म्हणाली.

"आलीस? बरं," मी म्हटलं आणि टेबलावरचा दिवा लावला.